शॅननकाठचा कावळा

आयर्लंडला जाऊन आले म्हटलं की साताऱ्यात लोक दोन प्रश्न विचारतात. थंडी किती होती आणि खायला काय मिळतं? थंडी बेताची होती, वारा मात्र भांडखोर होता, आणि खायला बटाटा मिळतो. एकदा एकाच ताटात बटाटा तीन रूपांनी आला आणि तिन्ही रूपं चवीला चांगली होती. एवढं ऐकून लोकांचं समाधान होतं. मी कशासाठी गेले होते, ते कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात उभा जन्म वकिली केली. माझा धाकटा भाऊ अरुण पुण्याला असायचा. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये कोरोनाने तो गेला. त्याची एकुलती एक मुलगी केतकी त्या वेळी डब्लिनमध्ये होती. केतकीची आई ती शाळेत असतानाच वारली, त्यामुळे बाप-लेकीचं घर म्हणजे दोघांचंच. विमानं बंद, सीमा बंद. बापाचं सगळं तिने फोनच्या पडद्यावर पाहिलं. दहाव्याला नदीकाठच्या घाटावर माझा मुलगा निनाद बसला, गुरुजी होते, मी होते आणि काठीला बांधलेला फोन होता.

पिंडाला कावळा शिवला नाही. आम्ही सगळी आश्वासनं देऊन पाहिली. केतकीचं शिक्षण पुरं करू, लग्न करू, तुझी झाडं जगवू. एकही कावळा खाली उतरला नाही. कारण मला दिसत होतं. त्या महिन्यात घाटावर पिंडांना तोटा नव्हता आणि कावळ्यांची पोटं भरलेली होती. शेवटी गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं." त्यांची पुढची मंडळी रांगेत उभी होती.

केतकीच्या मते ते झालं नव्हतं. उन्हाळाभर ती फोनवर नीट बोलली नाही. प्रबंधाचं एकच प्रकरण उरलं होतं, ते तिने बाजूला ठेवलं, आणि सप्टेंबरात म्हणाली, "आत्या, मी हे सोडून परत येते." आयर्लंडची दारं तेव्हा नुकती उघडली होती. म्हटलं, तू थांब, मीच येते. नवरात्र उरकलं आणि मी निघाले.

डून लेरी

डून लेरी हे डब्लिनच्या दक्षिणेचं समुद्रकाठचं गाव. इथली माणसं सकाळी डार्ट नावाच्या लोकल गाडीने शहरात जातात आणि संध्याकाळी परत येतात. केतकी नोरा नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. नोराबाईंना मी आल्याचा माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. दारातच म्हणाल्या, "पोरगी जेवत नाही. आता तुम्ही आलात, आता ग्रँड." इथं सगळंच ग्रँड असतं. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड.

पहिल्या सकाळी मी तांदूळ शोधत होते. केतकी अंथरुणातूनच म्हणाली, "प्रेसमध्ये आहेत." मी इस्त्रीचं टेबल धुंडाळलं. प्रेस म्हणजे कपाट, हे मला नोराबाईंनी हसू आवरत सांगितलं. मग मऊ भात केला, वर साजूक तूप घातलं. केतकीने चार घास खाल्ले आणि मी मनात पहिली तारीख आपल्या बाजूने लागल्याची नोंद केली.

तिचा विषय आहे प्राचीन रोममधले पुरोहित आणि तिथला कायदा. वकील असूनही मला त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. समुद्राकाठच्या लांब धक्क्यावर फिरताना तिने समजावलं. तिथले पुरोहित म्हणजे आपले गुरुजी नव्हेत. दक्षिणेवर जगणारी ती माणसं नव्हती. सिनेटमध्ये बसणारे, निवडणुका लढवणारे, सैन्य घेऊन जाणारे बडे लोक तेच पुरोहित. सुरुवातीच्या काळात कायदा त्यांच्याच मुठीत होता. कोर्ट कोणत्या दिवशी चालवायचं आणि कोणत्या दिवशी चालवायचं नाही, ते तेच ठरवत. दावा कोणत्या शब्दांत मांडायचा, तेही त्यांनाच ठाऊक. एकाचे द्राक्षांचे वेल शेजाऱ्याने तोडले. कायद्यात 'झाडं' असा शब्द होता आणि हा बापडा कोर्टात 'वेल' म्हणाला. दावा गेला.

"बरोबर गेला," मी म्हटलं. "अर्जातली चूक अर्ज करणाऱ्यालाच भोवते."

"तू तिकडे असतीस तर पुरोहित झाली असतीस," केतकी म्हणाली. आल्यापासूनची तिची ती पहिली थट्टा.

पण पुढचं बोलताना तिचा आवाज बदलला. त्या पुरोहितांचा आणखी एक नियम होता. माणूस मेला आणि त्याची मालमत्ता ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडेच त्याच्या घरचे विधीही जात. घर घ्यायचं आणि विधी दुसऱ्यावर ढकलायचे, हे चालत नसे. "आत्या, बाबांचा फ्लॅट तू माझ्या नावावर करून दिलास. सह्या मी केल्या. आणि पिंड निनादने दिले. कावळा का नाही आला, ते मला कळतं."

मी वाद घालणार होते. कावळे आणि भरलेली पोटं ओठांवर आली होती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो मुद्दा सोडला. आपल्याकडेही पिंड देणारा तो वारस, हे काही मला नवीन नव्हतं.

"मग तू दे," मी म्हटलं.

"असं पुन्हा चालतं?"

"आपल्यात चालतं की नाही, ठाऊक नाही. तुझ्या रोममध्ये?"

तिने आठवून सांगितलं. रोममध्ये चालत असे. विधीत खोट निघाली तर सगळा विधी पहिल्यापासून पुन्हा. एखाद्या उत्सवात नाचणारा मध्येच थांबला, तरी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाताचा पिंड, काळे तीळ आणि कागदी ताटली घेऊन समुद्रावर गेलो. दर्भ नव्हताच. धक्क्याच्या दगडांवर ताटली ठेवली. केतकीने हात जोडले आणि काही बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात वरून एक भलाथोरला पांढरा समुद्रपक्षी आला, पिंड एका घासात गिळला, ताटलीही उचलली आणि ती खाण्याजोगी नाही असं दिसल्यावर समुद्रात टाकून दिली.

समुद्राकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणारी माणसं फक्त घाटावरचीच असू शकतात. पुण्यात नदी आणि कावळा ही जोडी इतकी अंगवळणी पडलेली, की समुद्रावर दुसऱ्याच पाखराचं राज्य असतं हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मला हसू आलं होतं. केतकी मात्र दगडावर बसली आणि म्हणाली, "बघ. पुन्हा नाही."

घरी आल्यावर नोराबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत. मनुके घातलेला ब्रॅक नावाचा गोडसर पाव कापत म्हणाल्या, त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले. चर्चमध्ये मोजकी माणसं, बाकी सगळ्यांनी घरी बसून कॅमेऱ्यातून पाहिलं. गावातली माणसं शववाहिनीच्या वाटेवर दुतर्फा अंतर राखून उभी राहिली, तेवढीच खरी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मेलेले लोक घरी येतात, म्हणून त्यांची आई ताट मांडून ठेवायची. "यंदा मीही ठेवणार आहे," त्या म्हणाल्या. "मांजर खाईल. पण ठेवणार." ब्रॅकचा दुसरा तुकडा केतकीने मागून घेतला.

संध्याकाळी तीच माझ्या खोलीत आली. हातात तिची टिपणं होती आणि डोळे जरा वेगळे दिसत होते. शकुन पाहणारे पुरोहित रोममध्ये वेगळे होते. ते भविष्य सांगत नसत. आज हे काम करायला देवांची संमती आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न. ते आधी हातातल्या वाकड्या काठीने आकाशाचा आणि जमिनीचा चौकोन आखून घेत, कोणती खूण मागतोय ते मोठ्याने बोलत, आणि मगच बघत. न मागितलेली खूण दिसली, तर ती मानायची की नाही, हे बघणाऱ्याच्या मर्जीवर.

"आपण काही आखलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "माझं तर बोलूनही झालं नव्हतं."

"म्हणजे दावा नीट मांडलाच नव्हता," मी म्हटलं. "परत केला. नव्याने दाखल करण्याची मुभा."

ॲथलोनकडे

ॲथलोनला जायचं केतकीने ठरवलं, कारण तिथं श्रीपाद राहतो. श्रीपाद मूळचा नागपूरचा, एका टेलिकॉम कंपनीत इंजिनीअर. शनिवार-रविवारी तो इथल्या मराठी घरांत गणपती बसवतो, सत्यनारायण सांगतो, बारशी उरकतो. सोमवारी पुन्हा कोडिंग. "हे मात्र अगदी रोमसारखं," केतकी म्हणाली. "नोकरी एक, पौरोहित्य दुसरं."

ॲथलोन देशाच्या मध्यावर आहे. आगगाडी डब्लिनच्या बाहेर पडली की सपाट हिरवी कुरणं, त्यांत मेंढ्या, आणि मध्येच काळपट दलदलीची जमीन. दर थोड्या वेळाने पाऊस येऊन जातो, त्याची कोणी दखल घेत नाही. डब्यात सगळे मास्क लावून बसलेले. समोरच्या म्हाताऱ्याने आमच्या डब्यातल्या दशम्यांकडे बघितलं, मी एक पुढे केली. त्याने मास्क खाली करून खाल्ली आणि म्हणाला, "लव्हली." मग स्टेशन येईपर्यंत तो आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होता.

तो उतरल्यावर केतकीने मला कोंबड्यांची गोष्ट सांगितली. तिचं अडलेलं प्रकरण त्याच गोष्टीवर आहे. रोमचं सैन्य लढाईला निघालं की पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्या बरोबर असत. दाणे टाकायचे. कोंबड्या अधाशासारख्या खाऊ लागल्या, तर शुभ. नाही खाल्लं, तर लढाई दुसऱ्या दिवशी. त्यांची राखण करणारे कधी कधी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवत.

"आमच्या घाटावर उलटं झालं," मी म्हटलं. मला ते बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले. तिने हळूच मान हलवली.

तर एकदा कोंबड्या दाण्यांना शिवल्याच नाहीत. सगळं सैन्य लढायला उतावीळ. राखण करणाऱ्याने सेनापतीला खोटंच सांगितलं, खाल्लं, चांगलं खाल्लं. सेनापतीने लढाईचा हुकूम दिला. मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की हे खोटं आहे. तो म्हणाला, मला शुभशकुन जाहीर झाला, तो माझ्यासाठी आणि सैन्यासाठी खराच. खोटं असेल तर दोष सांगणाऱ्याच्या माथी. राखण करणाऱ्याला त्याने पहिल्या रांगेत उभं केलं. लढाई सुरू व्हायच्या आत कुठूनसा एक भाला आला आणि त्यालाच लागला.

"आणि त्याच वेळी सेनापतीच्या समोर एक डोमकावळा ओरडला, असं लिहून ठेवलंय," केतकी म्हणाली. "शेवटी तिथंही कावळाच."

"अन् लढाई?"

"जिंकले."

मी खिडकीबाहेर बघत बसले. सांगोवांगीची साक्ष आमच्या कोर्टात घेत नाहीत. इथं तर ती घेऊन, वर साक्षीदाराला शिक्षा देऊन, निकाल कायम ठेवला होता. मला तो सेनापती आवडला.

ॲथलोन

श्रीपाद स्टेशनवर न्यायला आला होता. हसरा, गोलसर, कानात सतत फोनचं यंत्र लावलेला. त्याच्या बायकोने, स्नेहलने, वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. वांगी मिळाली याचं तिला कौतुक होतं आणि मला भाकरीचं. तिला सातवा महिना होता, हे तिने दार उघडताच कळलं. आपलं काम होणार नाही, हेही मला त्याच क्षणी कळलं.

जेवण झाल्यावर श्रीपादने स्वतःच विषय काढला. "आत्या, तुम्ही एवढ्या लांबून आल्या, आणि मी नाही म्हणून राहिलो. मला फार वाईट वाटतंय. पण स्नेहलचं असं आहे. पिंडाचं काम मला नाही करता येत या दिवसांत. आईने फोनवर दहादा बजावलं आहे."

"अहो, मी तुम्हाला आग्रह करणारच नाही," मी म्हटलं. गरोदर बाईच्या नवऱ्याने प्रेताला खांदा देऊ नये, पिंड देऊ नये, हे आमच्याकडेही पाळतात.

केतकी म्हणाली, "रोममध्ये एका पुरोहिताला प्रेताला हातही लावायला बंदी होती. आणि द्राक्षाच्या वेलीखालून जायला. आणि चवळीसारख्या शेंगांचं नाव घ्यायलाही."

"चवळी तर आम्ही काल खाल्ली," श्रीपाद काळजीने म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. मग त्याने स्वतः तांदूळ धुवून दिले, तिळाची पुडी काढून दिली आणि नदीवर कुठली जागा शांत असते ते सांगितलं. येणं मात्र त्याने टाळलं.

शॅनन नदी गावाच्या मधून वाहते. पुलाखाली बंधारा आहे आणि त्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी जोरात बोलावं लागतं. एका तीरावर जुना किल्ला, त्याच्या पलीकडे मोठं चर्च. चर्चच्या मनोऱ्यांवर कावळे होते. मी ते आधी मोजूनमापून बघून घेतले. राखाडी मानेचे, आपल्याकडच्यासारखेच.

काठावर एक सपाट दगड सापडला. केतकीने एक वाळकी फांदी उचलली, दगडाभोवती चौकोन आखला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "या चौकोनात. कावळा." पिंड ठेवला, तीळ वाहिले. काठावर उगवलेल्या लव्हाळ्याची दोन पाती दर्भ म्हणून खाली घातली. मग तिने जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली आणि दगडाकडे पाठ करून बसली.

"हे काय?"

"विधी करणारा डोकं झाकायचा. आणि बघायचं काम मदतनिसाचं. तो जाहीर करेल ते धरायचं." पाण्याच्या आवाजावरून ती ओरडून बोलत होती. "तू बघ, आत्या. तू सांगशील ते मी मानेन."

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी उभी राहिले नव्हते. उभा जन्म दुसऱ्यांना शपथा घालण्यात गेला. तिथं, परक्या नदीच्या काठी, मला पहिल्यांदा उभं केलं गेलं.

मी वाट बघू लागले. मनोऱ्यावरचे कावळे उडाले. ते आमच्या डोक्यावरून पलीकडे गेले. गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी चिप्सचा अख्खा पुडा सांडला होता. सगळे तिथं उतरले. इथंही पोटं भरणार, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

मग मी मनातल्या मनात अरुणशी बोलले. हिचा प्रबंध पुरा होईल, मी पाठीशी बसून पुरा करून घेईन. तुझी झाडं निनादने जगवली आहेत, फक्त कढीपत्ता गेला. ही इथं राहिली तरी चालेल, परत आली तरी चालेल. येऊ शकली नाही, याचा राग धरू नकोस. तू धरला नाहीस, हे मला माहीत आहे, तिला नाही. तिच्यासाठी ये.

कावळा आला नाही. पाण्यातून एक बदक बाहेर आलं. तपकिरी रंगाचं, साधं. डुलत डुलत काठ चढलं, चौकोन ओलांडला, दगडावर चढलं आणि पिंड खाऊ लागलं. शांतपणे, शितं निवडून खाल्ली. मी हात उचलला होता हाकलायला, तो तसाच खाली आला. त्याचं खाणं संपलं, त्याने चोच पुसली आणि ते परत पाण्यात गेलं.

"आत्या?" टोपीखालून केतकीचा आवाज आला. "आला?"

"शिवला," मी म्हटलं.

"कावळा?"

"कावळाच."

ती उठली आणि वळली. दगडावर ओल्या पावलांचे ठसे होते, बोटांमध्ये पडदा असलेले, चांगले स्पष्ट. दहा हातांवर बदक तरंगत होतं. केतकीने ठसे बघितले. बदक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही.

"जाहीर झालं ते झालं," ती म्हणाली. "खोटं असेल तर दोष..."

"माझ्या माथी," मी म्हटलं.

तेव्हा ती रडली. एप्रिलपासून ती रडली नव्हती, हे मला तिच्या रडण्यावरूनच समजलं. मी तिला धरून उभी राहिले आणि मीही रडले, कारण अरुण माझा भाऊ होता आणि त्याच्यासाठी रडायला मलाही कोणी भेटलं नव्हतं. येणारे-जाणारे आमच्या बाजूने सरळ गेले. एक बाई फक्त थांबून "आर यू ग्रँड?" म्हणाली. आम्ही हो म्हटलं.

परत येताना केतकीला भूक लागली. नदीकाठच्या दुकानातून चिप्स घेतल्या आणि आम्ही दोघींनी चालत चालत खाल्ल्या. बटाट्याचं चौथं रूप, हेही चांगलं होतं.

सातारा

परत येऊन आता बरेच दिवस झाले. केतकीचं ते प्रकरण डिसेंबरात लिहून झालं. नोराबाईंनी ताट मांडलं होतं आणि ते मांजरानेच खाल्लं, असं तिने कळवलं. स्नेहलला मुलगी झाली आणि श्रीपाद आता पुन्हा सगळी कामं करायला मोकळा आहे.

गुरुजी एकदा घरी आले होते. केतकीचं काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिने तिकडे पिंड दिला. कावळा शिवला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिवला. त्यांनी मान डोलावली आणि चहा घेतला.

संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसते. अजून तरी कुठून भाला आलेला नाही.